ट्रेकला पॉवर बँक कोणती, सोलर न्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षातून दोनदा रांगेने येतात: पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीसाठी आणि दिवाळीनंतर हिमालयातल्या बर्फाच्या ट्रेकसाठी. बहुतेकांना थेट मॉडेलचं नाव हवं असतं. आधी कुठे, किती दिवस आणि काय काय चार्ज करायचंय एवढं सांगितलंत, तर मॉडेल दुकानात दहा मिनिटांत ठरतं. डोंगरात फोनची बॅटरी पहिली मदत मागण्यासाठी आणि वाट शोधण्यासाठी, फोटो त्यानंतर. खालची सगळी उत्तरं हे धरून लिहिली आहेत.

१. एका दिवसाच्या ट्रेकला पॉवर बँक लागते का हो?

सकाळी चढून दुपारी उतरायचं असेल, फोन बऱ्यापैकी नवा असेल आणि घरून पूर्ण भरून निघाला असाल, तर एरवी लागत नाही. तरी न्या. ५,००० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) छोटी पॉवर बँक खिशात मावते. धुक्यात वाट चुकली किंवा उतरताना कोणाचा पाय मुरगळला की एक दिवसाचा ट्रेक रात्रीचा होतो. अशा वेळी पायथ्याच्या गावातल्या वाटाड्याशी किंवा बचाव पथकाशी तासन् तास संपर्कात राहावं लागतं. फोन मेला तर शोधणाऱ्यांना तुमचा ठावठिकाणाच लागत नाही.

२. नेमकी किती एमएएचची घेऊ?

हिशेब एमएएचमध्ये करू नका, वॉट-अवरमध्ये करा; त्यात व्होल्टही धरलेला असतो. सोपं आहे: एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले हजार. पॉवर बँकेतल्या सेलचं व्होल्टेज साधारण ३.७ असतं, म्हणजे १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर आणि २०,००० म्हणजे ७४. यातली गळती जाता हातात पडतात साधारण ३० आणि ६० (का, ते प्रश्न ३ मध्ये).

आता खर्चाची बाजू. ५,००० एमएएचचा फोन शून्यापासून भरायला साधारण २१ वॉट-अवर लागतात. चार्जिंगची हेडटॉर्च ४ ते ५, अ‍ॅक्शन कॅमेऱ्याची एक बॅटरी ७ च्या आसपास, घड्याळ दीडच्या आत.

राजगडावर पद्मावती माचीवर एक रात्र काढायची असेल, तर १०,००० एमएएच भरपूर झाली. अलंग-मदन-कुलंगसारख्या दोन-तीन दिवसांच्या ट्रेकलाही एका माणसाला तेवढी पुरते. फोन फ्लाइट मोडवर मात्र ठेवायला हवा.

हिमालयाचं गणित वेगळं. समजा सहा दिवस चालायचंय. फ्लाइट मोडवर, फोटो काढत, अधूनमधून नकाशा बघत फोन दिवसाला ४० टक्के खातो. सहा दिवसांचे २४० टक्के, त्यातले पहिले १०० फोनमध्येच भरलेले. उरलेल्या १४० टक्क्यांना साधारण ३० वॉट-अवर लागतात. म्हणजे १०,००० एमएएचची बँक एकट्या फोनलाच संपली. वर हेडटॉर्च आणि घड्याळ आहे, थंडीची घट आहे, आणि हवामान बिघडून एखादा दिवस वाढला तर तोही आहे. म्हणून सहा-सात दिवसांच्या हिमालयीन ट्रेकला माणशी २०,००० एमएएच. त्याहून मोठी घ्यायची वेळ फक्त कॅमेरेवाल्यांवर येते (प्रश्न १३).

तुमचा फोन किती खातो हे माझ्या आकड्यांवरून ठरवू नका. एका रविवारी घरीच फ्लाइट मोड लावा, दिवसभर फोटो काढा, लोकेशन चालू ठेवा आणि रात्री टक्केवारी बघा. जुन्या फोनची बॅटरी थकलेली असते आणि ते डोंगरात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

३. १०,००० एमएएचची बँक आहे, फोन ५,००० चा. मग दोनदा का चार्ज होत नाही? फसवलंय का?

फसवलेलं नाही. १०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टचा आहे. फोनला वीज जाते ५ व्होल्टने किंवा त्याहून जास्त दाबाने. तो दाब वाढवताना काही वीज उष्णतेत जाते, केबलमध्ये थोडी जाते, फोनच्या आतही थोडी जाते. चार्जिंग चालू असताना दोन्ही वस्तू कोमट लागतात ना, तीच ही गेलेली वीज. बँक उलटी करून मागची बारीक अक्षरं मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचा: तिथे ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून वेगळा आकडा असतो, १०,००० च्या बँकेवर साधारण ६,००० च्या आसपास. तो ५ व्होल्टवर मोजलेला, म्हणजे साधारण ३० वॉट-अवर; तो खरा. त्या हिशेबाने ५,००० चा फोन फार तर दीड वेळा भरतो.

४. २०,००० ची एक घेऊ की १०,००० च्या दोन?

हिमालयासाठी दोन, असं माझं ठाम मत आहे. एक पडली, भिजली किंवा तिचा पोर्ट सैल झाला तर दुसरी राहते. एक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये आणि एक सॅकमध्ये अशी विभागणी करता येते, आणि गावात पोचल्यावर दोन्ही एकाच वेळी दोन चार्जरना लावता येतात. दोघांचं मिळून वजन एकीपेक्षा थोडं जास्त होतं, तेवढं उचलावं. सह्याद्रीतल्या एका मुक्कामाला हा प्रश्नच येत नाही.

५. ऑनलाइन ५०,००० एमएएचची सहाशे रुपयांत दिसतेय. घेऊ का?

नको. लिथियमच्या सेलना वजन असतं आणि ते लपवता येत नाही. चांगली १०,००० ची बँक साधारण १८० ते २३० ग्रॅम भरते, २०,००० ची ३५० ते ४५० च्या घरात. याच हिशेबाने खरी ५०,००० ची एक किलोच्या आसपास जायला हवी. तळहाताएवढ्या, हलक्या डबीवर तो आकडा असेल तर तो छापलेला आकडाच आहे. अशा डबीत जुने, काढून घेतलेले सेल असण्याचीही शक्यता असते, आणि ती तुम्ही तंबूत उशाशी घेऊन झोपणार असता.

भारतात विकायच्या पॉवर बँकेला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी सक्तीची आहे. मागे बीआयएसच्या चिन्हाजवळ ‘आर’ अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. कंपनीचं नाव आणि क्रमांक जुळत नसेल तर परत करा.

६. फास्ट चार्जिंग, पीडी, टाइप-सी... ट्रेकला यातलं काय लागतं?

पीडी म्हणजे टाइप-सीवरून वेगाने चार्ज करायची पद्धत. फोन तंबूत रात्रभर चार्ज होत असतो, तिथे वेगाला फारसं महत्त्व नाही. वेग लागतो तो पॉवर बँक स्वतः भरताना. पायथ्याच्या गावात तीन तास वीज आली, तर त्या तीन तासांत बँक किती भरली यावर पुढचा ट्रेक अवलंबून असतो. जुन्या १० वॉटच्या चार्जरवर १०,००० ची बँक भरायला पाच-सहा तास जातात. १८ किंवा २० वॉट घेणारी बँक आणि तेवढाच चार्जर असेल तर साधारण अर्ध्या वेळात काम होतं. म्हणून खोक्यावरचा आउटपुट बघता तसा इनपुटही बघा.

बँक टाइप-सीने भरता येणारी घ्या, म्हणजे फोन, हेडटॉर्च, बँक सगळ्यांना एकच केबल चालते. केबल मात्र दोन न्या. डोंगरात बँकेपेक्षा केबलच जास्त वेळा दगा देते: सॅकच्या खिशात मुडपून पिनेजवळची तार तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. आखूड, फूटभराची जाड केबल सगळ्यात उत्तम.

७. सोलर पॅनेल घ्यावं का? एकदा पैसे घातले की फुकट वीज!

बहुतेकांनी घेऊ नये. कारण सांगतो, कारण या बाबतीत निराशा फार होते.

पॅनेलवर लिहिलेले वॉट हे कडक, सरळ पडणाऱ्या उन्हातले असतात. २० वॉटच्या घडीच्या पॅनेलमधून चांगल्या उन्हात, नीट कोन साधून ठेवलं तर १२ ते १४ वॉट मिळतात. सॅकच्या पाठीला बांधून चालायला लागलात की पॅनेल आभाळाकडे न बघता मागच्या माणसाकडे बघत असतं, वळणावळणाला सावली येते, आणि हाती पडतो त्याचा एखादा तुकडा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सॅकच्या पट्ट्याची सावली पडली तरी उत्पादन धाडकन पडतं, कारण आतले सेल एकापुढे एक जोडलेले असतात.

आता ठिकाणं बघा. सह्याद्रीत आपण जास्त फिरतो जून ते सप्टेंबर. ढगांत पॅनेल म्हणजे ओझं. हिवाळ्यात उत्तराखंडात सांक्रीहून केदारकंठाला जाताना वाट बराच वेळ जंगलातून जाते, दिवस लहान, आणि कॅम्पवर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलेलं असतं. या दोन्हीकडे पॅनेलच्या वजनाची दुसरी पॉवर बँक केव्हाही सरस.

मग कामाचं कुठे? लडाखमध्ये. तो पर्जन्यछायेचा प्रदेश, झाडं नाहीत, उन्हाळ्यात ऊन कडक आणि दिवस मोठा. मरखा खोऱ्यासारख्या आठवडाभराच्या ट्रेकला, किंवा एकाच बेस कॅम्पवर चार-पाच दिवस मुक्काम असलेल्या मोहिमेला, पॅनेल दुपारभर दगडाला टेकवून दर तासाला उन्हाकडे वळवत राहिलं तर ते खरंच साथ देतं. तेव्हाही पॅनेलने फोन थेट भरू नका. ढग आला-गेला की चार्जिंग तुटतं-जोडतं आणि फोन उन्हात तापतो. पॅनेलने बँक भरा, बँक पॅनेलच्या मागे सावलीत ठेवा, फोन रात्री बँकेने भरा.

८. आणि पाठीवर सोलर पट्टी असलेली पॉवर बँक?

तळहाताएवढी पट्टी उत्तम उन्हात एक ते दीड वॉट देते. ३७ वॉट-अवरची बँक त्यावर भरायला कडक उन्हाचे तीस-चाळीस तास हवेत, म्हणजे आठवडा गेला. शिवाय लिथियमची बॅटरी तासन् तास उन्हात तापवणं हे तिच्या आयुष्याला मारक. पट्टीवर विसंबून कोणी घेऊ नये.

९. केदारकंठाला फोन ४० टक्क्यांवर असताना अचानक बंद पडला. बॅटरी गेली का?

बहुधा नाही. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि अंतर्गत विरोध वाढतो. कॅमेरा उघडताक्षणी फोन एकदम जास्त वीज मागतो, बॅटरीचं व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. ऊब मिळाली की त्यातली बरीचशी टक्केवारी परत दिसते.

उपाय अंगाशी धरण्याचा. चालताना फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, सॅकच्या वरच्या कप्प्यात नव्हे. रात्री फोन, बँक, हेडटॉर्च, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सगळं एका मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाजवळ. पायाशी ठेवाल तर पहाटेपर्यंत तेही गारठतं. शिखराच्या दिवशी पहाटे दोन-तीनला निघताना बँक फोनसोबत आतल्या खिशातच घ्या.

एक जण हँड वॉर्मर (हात उबवायची गरम पुडी) फोनला चिकटवून ठेवायचं म्हणत होते. थेट चिकटवू नका, ते काही ठिकाणी फार तापतं. मध्ये कापड असू द्या.

१०. उणे तापमानात बँकेने फोन चार्ज केला तर चालतो का?

गारठलेली बॅटरी वापरणं आणि गारठलेली बॅटरी भरणं यांत फरक आहे. वापरली तर कमी वेळ चालते, एवढंच. शून्याखाली भरली तर लिथियम धातूच्या रूपात आत साचतं आणि ती हानी कायमची असते. बरेच फोन म्हणूनच थंडीत चार्जिंग नाकारतात किंवा अगदी हळू करतात. आधी दोन्ही वस्तू अर्धा तास अंगाजवळ उबवा, मग स्लीपिंग बॅगच्या आत जोडा. डोकं झाकून घेऊन आत जोडू नका, श्वासाची वाफ पोर्टमध्ये जमते.

११. हेडटॉर्च किंवा घड्याळ लावलं की पॉवर बँक अर्ध्या मिनिटात बंद होते. बिघडलीय?

नाही. या वस्तू इतकी कमी वीज घेतात की बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. अनेक बँकांत ‘लो करंट’ची सोय असते; बटण दोनदा दाबलं किंवा थोडा वेळ दाबून धरलं की ती चालू होते, पद्धत माहितीपत्रकात बघा. तशी सोय नसेल आणि दोन पोर्ट असतील तर दुसऱ्या पोर्टला फोनही लावा, बँक जागी राहते. हे घरी तपासूनच निघा.

१२. हेडटॉर्च सेलवाली घेऊ की चार्जिंगची?

सह्याद्रीसाठी चार्जिंगची सोयीची. हिमालयात, खास करून बर्फात, मला सेलवाली जास्त विश्वासाची वाटते, कारण अंधारात दोन मिनिटांत सेल बदलून पुढे निघता येतं. सेल मात्र साधे अल्कलाइन नकोत, ते थंडीत लवकर मान टाकतात. एकदाच वापरायचे दीड व्होल्टचे लिथियम सेल कडाक्याच्या थंडीतही चालतात आणि हलके असतात. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेलही अल्कलाइनपेक्षा बरे. वापरलेले सेल खाली आणायचे, ते पाणवठ्याजवळ टाकलेले पाहून जीव तुटतो.

१३. मिररलेस कॅमेरा आहे. जादा बॅटऱ्या की मोठी पॉवर बँक?

आधी जादा बॅटऱ्या. मोठ्या मिररलेस कॅमेऱ्याच्या बॅटरीत साधारण १६ वॉट-अवर असतात, म्हणजे १०,००० ची बँक ती दोनदाही पूर्ण भरत नाही. एका आठवड्याला तीन बॅटऱ्या आणि टाइप-सीने भरणारा कॅमेरा किंवा छोटा चार्जर, एवढ्यावर भागतं. व्हिडिओ करणाऱ्यांनी प्रश्न २ चं गणित स्वतःच्या वस्तू घालून पुन्हा करावं.

१४. भर पावसात हे सगळं कोरडं कसं ठेवायचं?

सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने उतरतं. बँक, केबल आणि कोरड्या कापडाचा तुकडा एका झिपलॉकमध्ये, ती झिपलॉक कपड्यांच्या मधोमध. फोन वेगळ्या पाउचमध्ये. गुहेत पोचल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की पिना गंजतात आणि शॉर्ट होण्याची भीती असते. फोन पोर्ट खाली करून तळहातावर हलके आपटा, हवेवर ठेवा, आणि फोन ‘पोर्टमध्ये ओल आहे’ असं सांगत असेल तर ऐका. चुलीजवळ धरून वाळवू नका.

१५. वाटेत चार्जिंग मिळतं का?

सह्याद्रीत पायथ्याच्या गावात वीज आहे, पण पावसाळ्यात वारा सुटला की ती जाते आणि कधी येईल सांगता येत नाही. पाचनई, रतनवाडी, आंबेवाडीत ज्यांच्याकडे जेवणार-राहणार त्यांना मामा-मावशींना विचारून लावा, आणि जेवणाच्या पैशांसोबत त्याचेही थोडे द्या. एका घरातल्या एकुलत्या बोर्डावर पंधरा जणांनी मल्टीप्लग लावणं बरं नव्हे. गडावर वीज गृहीत धरू नका. झोपडीवाल्यांकडे छोटा सोलर दिवा असतो, तो त्यांच्या रात्रीपुरता असतो.

नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर लॉजमध्ये चार्जिंग मिळतं. नामचे परिसराला थामे इथल्या जलविद्युत केंद्राची वीज आहे. तिथून वर लोबुचे, गोरक्षेपला भिस्त मुख्यतः सोलरवर, त्यामुळे दर चढत जातो आणि ढगाळ दिवशी नकारही मिळतो. काही ठिकाणी तासावर पैसे घेतात, तिथे वेगाने भरणारी बँक पैसे वाचवते (प्रश्न ६). नामचेला सगळं काठोकाठ भरून घ्या. आपल्याकडची प्लग तिथे चालते.

उत्तराखंड-हिमाचलच्या कॅम्पिंग ट्रेकमध्ये बेसचं गाव सोडलं की परत येईपर्यंत काही नाही, असंच धरून चला.

१६. विमानात नेता येते का?

केबिन बॅगेतच. चेक-इन सामानात टाकली तर सामान थांबवून काढायला लावतात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही (२०,००० एमएएच म्हणजे ७४, निश्चिंत राहा), १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी, १६० च्या वर बंदी. बँकेवरचा क्षमतेचा छापा पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत अडकू शकते. बऱ्याच कंपन्या विमानात पॉवर बँक वापरू देत नाहीत, तेव्हा तिकिटासोबतचे नियम वाचा. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्याही केबिनमध्येच, टोकं झाकून.

१७. फोनच कमी खाईल असं काय करावं?

फ्लाइट मोड. रेंज नसलेल्या दरीत फोन टॉवर शोधत राहतो आणि काहीही न करता दुपारपर्यंत अर्धा होतो. फ्लाइट मोडवर जीपीएस चालू राहतं, त्याला नेटवर्क लागत नाही. नकाशा मात्र घरूनच डाउनलोड करून घ्या. पडद्याचा उजेड कमी, ब्लूटूथ बंद, आणि दिवसातून ठरलेल्या दोन वेळी रेंज बघायची.

एक जोड: जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. प्रीपेडवाल्यांनी तिथे नेटवर्क शोधण्यात बॅटरी घालवू नये.

१८. आम्ही बारा जण आहोत. प्रत्येकाने न्यायची की लीडरने एकच मोठी?

प्रत्येकाची आपली, प्रश्न २ च्या हिशेबाने. त्याशिवाय लीडरकडे एक बँक राखीव, पूर्ण भरलेली, ट्रेक संपेपर्यंत कोणालाही न द्यायची. तिच्याकडे फोटोंसाठी हात जाऊ देऊ नका. ग्रुपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन फोन ठरवून बंद करून ठेवा, कारण एका कड्यावर एकाची रेंज येते, दुसऱ्याची नाही. आणि सगळ्यांचे फोन ३० टक्क्यांखाली गेले की गाणी, रील बंद. ही शेवटची तीस टक्के जखमी माणसाची आहेत.

१९. मी परदेशात राहतो, माझ्याकडे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आहे. हिमालयात आणू का? त्याला चार्जिंग कमी लागतं.

आणू नका. भारतात सरकारी परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसं कम्युनिकेटर बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर परदेशी पर्यटकांना यासाठी ताब्यात घेतलेलं आहे. दूरसंचार विभागाची परवानगी हाती असेल तरच.

२०. बँक फुगल्यासारखी दिसतेय, कड उकललीय. हा एक ट्रेक काढेल का?

नाही. आतल्या सेलमध्ये वायू झालाय. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका, आणि प्रवासात बरोबर घेऊ नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, घरच्या कचऱ्यात नको. ट्रेकच्या मधेच फुगली तर वापर लगेच थांबवा, तंबूबाहेर, सुक्या गवतापासून आणि गॅसच्या सिलिंडरपासून लांब, दगडावर ठेवा. खाली उतरताना ती सॅकच्या बाहेरच्या खिशात एकटी ठेवा, म्हणजे गरम व्हायला लागली तर चटकन काढून लांब फेकता येईल.